घुमटाची थाप आणि क्लिपर

आज फोंड्याला दिवसभर घुमट आरतीचं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचं शेवटचं काम, केलं. घुमट म्हणजे गोव्यातलं मातीचं तालवाद्य. घुमटाची थाप क्षणभरच उसळते, पण तिच्यामुळे सगळ्या आरतीचा आवाज खाली ठेवावा लागतो. नुसता लिमिटर (मोठा आवाज आपोआप खाली दाबणारं साधन) लावला तर थापेमागोमाग गाणारेही दबतात. मला ते सहन होत नाही. क्लिपर मात्र ध्वनिलहरीचा मर्यादेवरचा शेंडा फक्त छाटतो.

पण छाटलं की नवे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, जन्मतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये (सेकंदाला ४४,१०० नमुने) त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५ च्या वर काही मावत नाही. झांजेतल्या ९ किलोहर्ट्झच्या स्वराचा पाचवा हार्मोनिक ४५ वर पोचतो आणि दुमडून (४५ वजा ४४.१) थेट ९०० हर्ट्झवर उतरतो, म्हणजे ऐन गाणाऱ्यांच्या आवाजात! ८ पट ओव्हरसॅम्पलिंग केलं, म्हणजे क्लिपरपुरते नमुने ८ पट वाढवले, की क्लिपिंग ३५२.८ किलोहर्ट्झवर होतं आणि वरचा बहुतेक कचरा परत येताना फिल्टरमध्ये गाळला जातो. झांजा कशा लख्ख वाजल्या, काय सांगू!

एक मात्र आहे. तोच फिल्टर छाटलेले शेंडे पुन्हा थोडे वर काढतो, त्यामुळे क्लिपरला दिलेली मर्यादा पाळली जातेच असं नाही. शेवटी हलका ट्रू पीक लिमिटर (दोन नमुन्यांमधले शेंडेही धरणारा) हवाच. चवथीसाठी आरत्या रेकॉर्ड करणाऱ्या मित्रांनो, झांज असेल तिथे ओव्हरसॅम्पलिंग बंद ठेवू नका.