सायकलींच्या देशात घरातली सायकल

"नेदरलँड्समध्ये राहून घरात सायकल चालवतेस?" पुण्याच्या मैत्रिणींचा हा प्रश्न ठरलेला. रास्तही आहे. इथे उट्रेख्तला आमच्या शेजारचे सत्तरीतले आजोबा भर पावसात सायकलवरून भाजी आणतात, आणि मी बेडरूमच्या कोपऱ्यात मागचं चाक काढून ट्रेनरवर, म्हणजे पायडलला हवा तेवढा प्रतिकार देणाऱ्या यंत्रावर, बसवलेल्या सायकलवर घाम गाळत बसते.

डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला उजेड येतो तो शनिवार-रविवारी, तोही ढगांनी सोडला तर. पण अंधारापेक्षा मोठी अडचण सपाटीची. पायातली ताकद वाढवायची तर पंधरा-वीस मिनिटं सलग, एकसारखा जोर लावावा लागतो. सिंहगडचा घाट ते काम आपसूक करून घेतो. इथे जरा वेग पकडावा तर पुढे कालव्यावरचा पूल, सिग्नल, नाहीतर शाळेतून सुटलेल्या मुलांचा तांडा.

चढ हवा असेल तर दक्षिणेला लिम्बुर्ख गाठायचं. एप्रिलमध्ये आम्स्टेल गोल्ड रेस या व्यावसायिक सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी तिथे आमच्यासारख्या हौशी लोकांची मोठी राइड असते. त्याच भागात कॉइटेनबेर्ख नावाचा चढ आहे, छोटासाच, पण सर्वांत तीव्र जागी २२ टक्के. साठ किलोची स्वार आणि दहा किलोची सायकल तिथून ताशी सहा किलोमीटरने नुसती वर न्यायची म्हटलं तरी जवळजवळ २५० वॅट लागतात. पुढे पायडलपाशी ३४ दातांची चेनरिंग आणि मागच्या चाकाला ३२ दातांचा गिअर असेल तर पायडलचे मिनिटाला जेमतेम ४५ फेरे होतात. म्हणजे पाय सावकाश आणि जोर प्रचंड. ट्रेनर निवडताना मी हाच हिशोब समोर ठेवला.

जाहिराती मात्र भलतंच सांगतात. टॅक्स कंपनीचा निओ २टी हा ट्रेनर २५ टक्के चढाचा भास देतो आणि २२०० वॅट पेलतो. वाहू कंपनीचा किकर कोअर १६ टक्के आणि १८०० वॅट. ऐकायला भारी. पण २२०० वॅट मारणारे ट्रॅकवरचे स्प्रिंटर, तुम्हीआम्ही नव्हे. चढाच्या टक्क्यांचंही तेच. अर्ग मोडमध्ये, म्हणजे ठरावीक वॅट धरून ठेवण्याच्या सेटिंगमध्ये, ट्रेनरला "२०० वॅट" सांगितलं की तो तेवढाच प्रतिकार धरून बसतो; पाय मंदावले तर ओझं वाढवतो, भरभर फिरवले तर कमी करतो. स्क्रीनवर आल्प्स दिसो नाहीतर कोरी भिंत, मांड्या भरून यायच्या त्या येतातच. (फार मंदावू मात्र नका. ओझं वाढत जातं, पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पायडल जागच्या जागी थिजतं.)

मग पाहायचं काय? एक म्हणजे आकडा रोज सारखा येतो का. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, सरासरी वॅटचे ९५ टक्के काढायचे. हा झाला तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढा जोर, आणि पुढचा सगळा सराव त्याच्या टक्क्यांत. किकर कोअरची अचूकता दोन टक्के, म्हणजे २०० वॅटला चार वॅट इकडेतिकडे. चालतं. यंत्र नेहमीच चार वॅट जास्त दाखवत असेल तरी प्रगती कळते. जे स्वस्त ट्रेनर मागच्या टायरला रोलर लावून चालतात, त्यांत हवेचा दाब आणि टायर किती तापलाय यावर आकडा हलतो, आणि उभं राहून जोर लावला की टायर घसरतो. म्हणून चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचावर, चढवायची, त्या डायरेक्ट ड्राइव्हला माझं मत.

दुसरी परीक्षा कमी वेगाची. हलक्या गिअरमध्ये फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरमधलं जड चाक, हळू फिरतं तेव्हा काही ट्रेनर पुरेसा प्रतिकारच देऊ शकत नाहीत. मी माझा ट्रेनर मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात, घेतला. विकणाऱ्याने मागच्या अंगणातल्या खोपटात सायकल लावून ठेवलीच होती. मी सर्वांत हलका गिअर टाकला, २२० वॅट लावायला सांगितले आणि मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी पायडल मारत बसले. आकडा टिकला. मग भावाची घासाघीस, आणि वर फुकटात कॉफी.

स्मार्ट बाइकचा, म्हणजे ट्रेनर आतच असलेल्या अख्ख्या घरगुती सायकलचा, मोह मलाही झाला होता. पण टॅक्सची ती बाइक पन्नास किलोच्या घरात, आणि डच घरांचे जिने इतके अरुंद नि उभे की इथे लोक सोफासुद्धा बाहेरून शिडीच्या लिफ्टने खिडकीतून चढवतात. अठरा किलोचा ट्रेनर मी एकटीने वर नेला. जमिनी लाकडी, त्यामुळे खालच्या काकूंना आवाजापेक्षा हादरे जाणवतात. जाड रबरी मॅट त्यांच्याशी गोडीत राहण्यासाठी. रात्री नवानंतर मी चालवत नाही, तेही त्याचसाठी.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट पंखा. शरीर साधारण २० ते २५ टक्केच ऊर्जा पायडलपर्यंत पोचवतं. तुम्ही २०० वॅट काढता तेव्हा सहाशे ते आठशे वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला बघत असते. छोटा हीटर पोटात घेऊन बसल्यासारखं. रस्त्यावर वारा ती नेतो, खोलीत नाडी चढत जाते आणि दहाव्या मिनिटाला आपल्याला पाय नाही, उष्मा हरवतो. म्हणून बाहेर पाच अंश असताना माझी खिडकी उघडी आणि समोर मोठा फरशीवरचा पंखा. ट्रेनरवर दोनशे युरो जास्त घालण्याआधी हा घ्या. हँडलवर टॉवेलही टाका. घाम स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टात उतरला की ते गंजतात.

पुण्या-नाशिकला घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. निओला प्लग नसला तरी चालतो, पायडलच्या जोरावरच तो स्वतःची वीज करतो. फक्त उताराचा भास तेवढा मिळत नाही. लोडशेडिंगच्या गावात ही खरी चैन (टॅक्स कंपनी मुळात इथल्या वासेनार गावची, २०१९पासून गार्मिनकडे). आणि पैसे देण्याआधी सायकलचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, बघून घ्या: खटक्याने सुटणारा बारीक क्विक रिलीज आहे की आरपार जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल. अ‍ॅडॅप्टर डब्यात आहेत का ते विकणाऱ्यासमोरच तपासा. जुन्या मालात नेमके तेच हरवलेले असतात.