स्विम स्पाच्या पाण्याचा हिशेब

आईच्या गुडघ्यांसाठी दर्यापूरजवळच्या आमच्या शेतघरी स्विम स्पा, म्हणजे पंपाच्या प्रवाहाविरुद्ध एकाच जागी पोहण्याचे टाके, बसवण्याचे ठरू लागले, तेव्हा मी आधी पाण्याचा हिशेब मांडला. आम्ही पाहिलेले टाके 4 मीटर लांब, 2.2 मीटर रुंद असून त्यात सुमारे 7,000 लिटर पाणी मावते. एक मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. त्यामुळे वैशाखात दिवसाला 10 मिलिमीटर धरले, तर उघड्या टाक्यातून महिन्याला 2,640 लिटर पाणी उडून जाईल. घट्ट झाकणाने यातले बहुतेक वाचते, म्हणून झाकणात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण खारपाणपट्ट्याची, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या आमच्या भागाची आहे. बोअरचे पाणी खारट. वाफ जाते, क्षार मागे राहून प्रत्येक भरीबरोबर वाढतात आणि हीटर गंजतो. म्हणून गोडे पाणीच धरले: वर्षातून तीनदा टाके बदलायचे, तर 21,000 लिटर. उन्हाळ्यात गावच टँकरची वाट पाहत असते, तेव्हा त्या दिवसांत टाके भरायचे नाही, हे आईनेच बजावले. पहिली भरणी पावसाळ्यात छताच्या पाण्याने करू. 100 चौरस मीटर छतावर पडलेला 70 मिलिमीटर पाऊस, वाया जाणारे पाणी हिशेबात धरले नाही तर, 7,000 लिटर म्हणजे एका भरणीइतके पाणी देतो.