समासातली तिसरी ओळ

"पेन्सिलीचं तेवढं सगळं खोडून द्या. शाईचं राहू द्या."

जुनी पुस्तकं दुरुस्त करण्यात इतकी वर्षं गेली, पण असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक वाळवी, ओल, तुटलेला कणा घेऊन येतात, नाहीतर 'अगदी नव्यासारखं करा' हा हट्ट घेऊन. (नव्यासारखं होत नाही. हे मी दिवसातून दोनदा सांगते आणि दोन्ही वेळा ते कुणी ऐकत नाही.) हे गृहस्थ साठीच्या पुढचे. आईची कादंबरी घेऊन आले होते. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

बांधणी जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवलेले, दोरा शाबूत, पुठ्ठा निखळलेला आणि मधली चार पानं सेलोटेपनं जोडलेली. सेलोटेपबद्दल एकदा मनातलं बोलून घेते. वरची पट्टी काही वर्षांत सुकून गळून पडते, डिंक मात्र कागदात मुरतो. आधी मधासारखा चिकट, मग तपकिरी, मग तिथला कागद तेल पडल्यासारखा आरपार दिसू लागतो. कोमट स्पॅच्युला पट्टीखाली सरकवायचा, केसभर, पुन्हा केसभर. उरलेला डिंक क्रेप रबरानं टिपत टिपत उचलायचा. मुरलेला डाग राहतोच. माझे एका पानाला दोन दिवस जातात. चिकटवणाऱ्याचे वीस सेकंद गेलेले असतात. एका पट्टीखाली लांब पांढरा केस अडकला होता. तो मी पाकिटात वेगळा ठेवला. असं काही सापडलं की फेकायचं नाही, ही शिस्त.

कागद स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा. १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग या जर्मन माणसानं कागदाला राळ आणि तुरटी देण्याची रीत जाहीर केली. कागद झपाट्यानं बनू लागला आणि तुरटीपायी आलेलं आम्ल त्याला आतून खाऊ लागलं. या पुस्तकाचा कोपरा दोनदा दुमडला असता तर तुकडा हातात आला असता. हे सगळं मी त्यांना उत्साहानं सांगत होते. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता. ते पानं उलटून पेन्सिलीच्या जागा दाखवत होते.

बाई समासात लिहायच्या, आयुष्यभर. तीन लेखण्या ओळखू येत होत्या. पहिली निळ्या-काळ्या शाईची, कडेनं तपकिरी पडलेली. अक्षर घोटीव, पहिल्या पानावर माहेरचं नाव. दुसरी बॉलपेनची, पाठच्या पानावर तेलकट सावली उमटलेली. तिसरी पेन्सिल. अक्षर मोठं, थरथरतं, पण दाबून लिहिलेलं.

कादंबरीत एक प्रसंग आहे. नायिका बऱ्याच वर्षांनी घरी येते, आई दार उघडते आणि तिला ओळखत नाही. त्या पानाच्या समासात तीन ओळी होत्या, एकाखाली एक.

शाईनं: 'अतिरंजित. पोटच्या मुलीला कोण विसरतं?'

बॉलपेननं: 'विसरत नाहीत. ओळख दाखवत नाहीत.'

पेन्सिलीनं: 'ही बाई कोण?'

मी थांबलेच. एकच वाक्य एकच माणूस तीन वयांत वाचतो आणि तिसऱ्या वेळी पुस्तकातली आई कोण आणि वाचणारी कोण हेच सांगता येत नाही, असं मला कुठे पाहायला मिळालं असतं? मी ते बोलूनही दाखवलं. शेवटची ओळ हीच या पुस्तकातली सगळ्यात मोलाची आहे, असं काहीतरी.

ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाचायला बरं वाटतं. मी हे चार वर्षं रोज ऐकलंय. माझ्या बायकोकडे बोट दाखवून."

पुढच्या पानांवर तेच होतं. 'ही बाई कोण?' मजकुराशी संबंध नसलेल्या जागी, कधी दोन ओळींच्या मधे.

आमच्या धंद्याची दैवतं थोडी, त्यातलं एक पूर. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, लाखो पुस्तकं चिखलात गेली, देशोदेशीचे बाइंडर मदतीला धावले. आज आम्ही जे नियम सांगतो त्यातले बरेच तिथं घट्ट झाले. त्यातला मोठा नियम असा, की केलेलं काम पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. खोडलेलं उलटवता येत नाही. हे मी आमच्या सरांना सांगायला गेले. सर म्हणाले, "पुस्तक त्यांचं, आई त्यांची. फोटो काढून ठेव आणि सही घे." सरांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. फक्त त्यांनी संगणकावरून नजर उचलली असती तर बरं वाटलं असतं.

पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. ते उजेडानं उडत नाही, पाण्यानं पसरत नाही, कागदाला खात नाही. निळी-काळी शाई लोहाची, ती कागद जाळत जाते. बॉलपेनचा रंग उजेडात उडतो. म्हणजे त्यांना नको असलेल्या ओळीच सगळ्यांत टिकाऊ. त्यांचं चालत नाही ते एका खोडरबरापुढे. आमच्या खोलीत पेनला बंदी आहे, सगळे पेन्सिल वापरतात, आणि तरी हे मला त्या दिवशी नव्यानं समजल्यासारखं वाटलं.

मी खोडायला बसले. डावा तळवा कागदावर, मऊ रबर एकाच दिशेनं, मधून कडेकडे, प्रत्येक ओढीनंतर चुरा ब्रशनं झटकायचा. उलटसुलट घासलं की ठिसूळ कागदाचे तंतू उभे राहतात. तो प्रसंगही त्यातच होता. तो मी सगळ्यांत शेवटी घेतला. चौदा पानं झाली.

मग सवयीनं दिवा आडवा केला. काम तपासताना आम्ही खोलीतला उजेड मालवतो आणि पानाच्या अगदी पातळीवरून प्रकाश टाकतो. सुरकुती, खळगा, सगळं सावलीनं उठून दिसतं. चौदाही पानांवर 'ही बाई कोण?' जसंच्या तसं वाचता येत होतं. बाईंनी इतकं दाबून लिहिलं होतं की नुसता खळगा उरला होता.

त्यांना बोलावून दाखवणं भाग होतं. अंधारात ते बराच वेळ वाकून बघत राहिले. बोट पुढे नेलं, पण टेकवलं नाही.

"हे जाणार नाही?"

जातं. कागदाला हळूहळू ओल द्यायची, टिपकागदांत घालून वजनाखाली ठेवायचं, असे खळगे बऱ्यापैकी बसतात. मी ते शेकडो पानांवर केलंय.

"नाही," मी म्हणाले. "इतकं राहणारच."

ते काही बोलले नाहीत. आठवड्यानं येऊन पुस्तक घेऊन गेले. केसाचं पाकीटही नेलं, उघडून पाहिलं नाही. आधीच्या फोटोंची प्रत त्यांना नको होती, ती फाइलला आहे.

मला प्रश्न पडतो तो हा की मी हे कुणासाठी केलं. बाईंसाठी म्हणावं तर त्या मला कुणी नव्हेत. त्यांच्यासाठी म्हणावं तर त्यांनी स्पष्ट शब्दांत उलटं मागितलं होतं. चार वर्षं त्या घरात मी नव्हते. माझ्यापुढे एक सुंदर समास आला, एवढंच.

नोंदवहीत लिहावं लागतं. 'दाबाचे खळगे: तसेच ठेवले.' पुढे 'कारण' असा रकाना असतो. तिथं मी लिहिलं, 'शाईला ओलीचा धोका'. तसा धोका असतो, खोटं नाही. ओल मिळाली की निळ्या-काळ्या शाईतलं लोह कागदात पसरतं. सरांनी वाचून सही केली.

त्या चौदा पानांपैकी अकरा पानांवर शाईचा थेंबही नाही.