नाडीचा काच

पंचेचाळीस वर्षे मी रोज साडी नेसत आले आणि परकराची गाठ कायम उजव्या कुशीला, किंचित मागे मारत आले. नाडी करकचून बांधल्याशिवाय निऱ्या टिकत नाहीत ही आईची शिकवण, आणि शाळेत फळ्यावर हात उंचावून लिहिताना साडी जागची हलू नये म्हणून नोकरीच्या काळात मी ती जरा जास्तच पाळली. त्यामुळे कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळपट, खरबरीत पट्टा उमटला होता. आमच्याकडे त्याला काच म्हणतात. तो सासूबाईंना होता, जावेला आहे, मलाही होता. त्याला कोणी आजारात धरत नाही.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात गाठीखालची त्वचा आधी पांढुरकी झाली, मग सोलवटली. घामाने ती चरचरू लागली की मी खोबरेल तेल लावी, कधी हळद, कधी बोरिक पावडर. खपली धरली की दुसऱ्या दिवशी नाडी ती उकरून काढी. दोनदा मी गल्लीतल्या दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा खुर्चीत बसताच मी सांगून टाकले की नाडीचा काच चिघळला आहे, आणि दोन्ही वेळा मलम घेऊन घरी आले. डॉक्टरांनी जखम पाहिली नाही हे खरे, पण बाहेर पाच-सहा माणसे बसलेली आणि पडदा अर्धाच ओढलेला असताना साडी सैल करण्याची माझीही तयारी नव्हती. निदान मीच करून दिल्यावर त्यांना पाहायला उरले तरी काय होते?

असे चौदा महिने गेले. जखमेच्या कडा वाटीच्या काठासारख्या वर आल्या, बोटाला टणक लागू लागल्या, वास येऊ लागला. शेवटी परकरावरचा रक्ताचा डाग धुताना सुनेला दिसला आणि तिने मला जिल्ह्याच्या गावी शल्यचिकित्सकांकडे नेले. त्यांनी हातमोजा घालून कडा दाबून पाहिल्या, मग दोन्ही जांघा आणि काखा चाचपल्या. कमरेवरच्या त्वचेचा आजार पसरला तर तो वरच्या किंवा खालच्या, कोणत्याही बाजूच्या लसिका-गाठींत, म्हणजे जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींत, जाऊ शकतो, म्हणून. "काकू, तुकडा तपासल्याशिवाय मी तुम्हाला कसलेही मलम लिहून देणार नाही," असे ते म्हणाले.

तुकडा काढायचा म्हटल्यावर घरात वादळ उठले. चाकू लागला की कॅन्सर अंगभर पसरतो, असे वन्सं ठामपणे सांगत होत्या, आणि त्या भीतीत आमचे चार दिवस गेले. मी ती शंका डॉक्टरांपुढे तशीच ठेवली. तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही, तपासणी लांबवल्याने मात्र पसरायला वेळ मिळतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. बधिर करण्याची सुई तेवढी टोचली. तुकडा जखमेच्या मधून न घेता कडेवरून घेतला, कारण मधला भाग बराचसा मेलेला असतो आणि वाढणाऱ्या पेशी कडेला सापडतात. हरभऱ्याच्या डाळीएवढा तो गुलाबी तुकडा माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या बाटलीत तरंगताना मी पाहिला.

आठवड्याने अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा कॅन्सर. मी उन्हात फारशी राबलेली नाही, मग मला कसा झाला, हा माझा पहिला प्रश्न होता. उन्हातील अतिनील किरणे हे त्वचेच्या कॅन्सरचे मोठे कारण आहे आणि गोऱ्या कातडीच्या लोकांत ते फार ठळकपणे दिसते. आपल्या त्वचेला सावळा रंग देणारे मेलॅनिन त्यापासून बरेच संरक्षण देते. परंतु वर्षानुवर्षे घासली जाणारी त्वचा, भाजल्याचे जुने व्रण आणि न भरणाऱ्या जखमा यांच्यावर मेलॅनिनचा इलाज नाही. पेशी मरतात, पुन्हा भरून येतात, पुन्हा मरतात, आणि या सततच्या दुरुस्तीत कधीतरी एखादी पेशी ताळतंत्र सोडते. अशा जखमेतल्या कॅन्सरला मार्जोलिन व्रण म्हणतात.

मी काही पहिली नव्हते. टाटा मेमोरियलमधील डॉ. खानोलकर यांनी धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद १९४५ मध्येच केली होती, आणि २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे घट्ट नेसत होती. धोतराची नोंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी परकराच्या नाडीबद्दल मला कोणी अवाक्षर सांगितले नव्हते, याचे मला आजही नवल वाटते.

सोनोग्राफीत जांघेतील एक गाठ मोठी दिसली. सुईने तपासल्यावर तिच्यात काही निघाले नाही. शस्त्रक्रियेत जखमेभोवतीची एक सेंटिमीटर निरोगी त्वचाही काढली आणि मांडीची पातळ साल काढून तिथे लावली. कमरेपेक्षा मांडीच जास्त दुखली, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा कलम गुलाबी दिसत होते. काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सरच्या पेशी नसल्याचा अहवाल आला, त्यामुळे किरणोपचार घ्यावे लागले नाहीत. आता दर तीन महिन्यांनी जखमेची जागा आणि गाठी तपासून घेते.

घरात गाऊन घालते. बाहेर जाताना नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकची पट्टी लावलेला परकर नेसते आणि तो रोज थोडा वर-खाली करते. महिन्यातून एकदा आरसा घेऊन कंबर तर पाहतेच, पण तळवे, तळपाय आणि नखेही पाहते, कारण मेलॅनोमा नावाचा काळ्या डागाचा कॅन्सर आपल्या लोकांत बरेचदा तिथे होतो आणि टाच कोणी उलटून पाहत नाही.

दिवाळीत जाऊ आली, तेव्हा मी तिला आतल्या खोलीत नेले. "ताई, काच आहे हो, दुसरे काय असणार," ती म्हणाली. मी दार लावले, पडदे ओढले, दिवा लावला आणि तिला नाडी सोडायला सांगितली.