संघ आपला, छप्पर दुसऱ्याचे

महिलांच्या व्यावसायिक संघाच्या मालकीचा विषय निघाला, की हल्ली बोलणे लगेच किमतींवर घसरते. अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या बास्केटबॉल लीगने २०२५ साली क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया येथील नव्या संघांसाठी प्रत्येकी २५ कोटी डॉलर प्रवेशशुल्क ठरवले, तेव्हा असे होणे स्वाभाविकच आहे. मला मात्र त्या आकड्यांपेक्षा याच लीगमधील २००८ हे वर्ष अधिक बोलके वाटते. तेव्हा एक संघ एक कोटी डॉलरला विकला गेला, आदल्याच वर्षी त्याच किमतीला विकलेला दुसरा संघ पुन्हा गिऱ्हाइकाची वाट पाहत होता, आणि वर्ष संपेपर्यंत दोहोंपैकी एकच उरला.

बुडालेला संघ दुबळा असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो होता ह्यूस्टन कॉमेट्स. १९९७ साली लीगचे सामने सुरू झाले आणि पहिली चारही अजिंक्यपदे या संघाने पटकावली. सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स आणि टीना थॉम्पसन या तिघी एकाच संघातून खेळत होत्या, यावरून त्याच्या ताकदीची कल्पना यावी. शहरातील पुरुषांच्या एनबीए संघाच्या मालकाने २००७ साली कॉमेट्स एका स्थानिक व्यावसायिकाला विकला, २००८च्या हंगामात संघ मोठ्या सभागृहातून लहान सभागृहात गेला, पुढे लीगनेच त्याचा ताबा घेऊन नवा मालक शोधला आणि तो न मिळाल्याने डिसेंबरमध्ये संघ विसर्जित करून खेळाडू इतर संघांना वाटून टाकल्या. चार अजिंक्यपदांची पुण्याई गिऱ्हाईक आणण्यास पुरली नाही. आर्थिक मंदीचे वर्ष होते हे खरे. पण ती मंदी काही एकट्या ह्यूस्टनपुरती आलेली नव्हती.

टिकलेला संघ सियाटल स्टॉर्म. हा संघ आणि पुरुषांचा सुपरसॉनिक्स २००६ साली एकत्रच, ३५ कोटी डॉलरला, ओक्लाहोमा सिटीच्या एका गटाकडे गेले होते. सुपरसॉनिक्सला त्या शहरात हलवण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा स्टॉर्मही सोबत जाणार अशी भीती होती. त्यावर सियाटलमधील चार स्त्रियांनी एकत्र येऊन फक्त महिलांचा संघ विकत घेतला: मायक्रोसॉफ्टमध्ये वरिष्ठ पदांवर काम केलेल्या लिसा ब्रुमेल आणि डॉन ट्रुडो, शहराच्या माजी उपमहापौर अ‍ॅन लेव्हिन्सन आणि १९८४च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळवलेल्या जिनी गिल्डर. व्यवहार २००८च्या आरंभी पार पडला आणि त्याच उन्हाळ्यात पुरुषांचा संघ शहर सोडून गेला.

यातून ‘स्वतंत्र मालकी चांगली, पुरुषांच्या संघाच्या पदराला बांधलेली मालकी वाईट’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो टिकत नाही, कारण कॉमेट्सचा शेवटचा मालकही स्वतंत्रच होता. स्वतंत्र मालकाला लक्ष विभागावे लागत नाही, हा त्याचा लाभ. त्याच वेळी पुरुषांच्या संघाबरोबर आपसूक मिळणारे सभागृह, तिकीटविक्रीचा विभाग, प्रायोजकांकडे जाणारी माणसे आणि सरावाचे कोर्ट हे सारे त्याला शून्यापासून उभे करावे लागते. संघाची किंमत एकदाच द्यायची असते. हा खर्च दर हंगामाला येतो.

खेळाडूंचे वेतन हा मोठा खर्च असेल असे बाहेरून वाटते. या लीगमध्ये वेतनाला संघवार कडक मर्यादा होती आणि २०२४ साली ती संपूर्ण संघासाठी १४ लाख ६३ हजार डॉलरच्या आसपास होती. खेळाडू मालकांइतक्या श्रीमंत होत नाहीत, ही तक्रार रास्तच आहे. मालकाच्या बाजूने पाहता मात्र या मर्यादेचा परिणाम वेगळाच होतो: चांगल्या खेळाडूला अधिक पगार देऊन ओढता येत नसल्याने चढाओढ सरावाची जागा, वैद्यकीय कर्मचारी आणि प्रवास यांवर येते. प्रवासावरही लीगचे बंधन होते. न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकांनी २०२१च्या हंगामात स्वतःच्या पैशाने खेळाडूंसाठी खास विमाने घेतली, तर इतर संघांवर अन्याय होतो या कारणाने त्यांना पाच लाख डॉलर दंड झाला. संघासाठी खिशात हात घातला म्हणून मालकाला दंड, हा प्रकार मला आजही अजब वाटतो. २०२४ साली लीगनेच सर्व संघांसाठी अशी विमाने ठरवली आणि त्यासाठी दोन हंगामांना मिळून ५ कोटी डॉलर खर्चाची तयारी ठेवली.

उरते ती जागा, आणि स्टॉर्मच्या मालकांची परीक्षा तेथेच झाली. त्यांचे नेहमीचे सभागृह नूतनीकरणासाठी २०१८च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा संघ नुकताच अजिंक्यपद जिंकलेला होता. पुढे २०१९ आणि २०२१ साली घरचे सामने विद्यापीठाच्या सभागृहात आणि शेजारच्या एव्हरेट शहरात खेळावे लागले, तर मधले २०२० साल साथीमुळे फ्लोरिडात गेले, जिथे त्यांनी चौथे अजिंक्यपद जिंकले. नियमित तिकीटधारकाला आज या दारी, उद्या त्या दारी पाठवायचे आणि तरी त्याने पुढच्या हंगामाचे पैसे आधी भरावेत अशी अपेक्षा धरायची, हे काम कोणत्याही प्रशिक्षकाच्या कामाहून सोपे नव्हते. नव्या सभागृहात परतल्यावर २०२२च्या ऑगस्टमध्ये, संघाची अनेक वर्षांची आघाडीची खेळाडू सू बर्ड हिच्या अखेरच्या साखळी हंगामातील घरच्या शेवटच्या सामन्याला १८,१०० प्रेक्षक होते.

याच सुमारास मालकांनी घेतलेला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२३ साली त्यांनी १४ टक्के हिस्सा विकून २ कोटी १० लाख डॉलर उभे केले. त्या हिशेबाने एक कोटीला घेतलेल्या संघाची किंमत १५ कोटी १० लाख झाली होती. कागदावर वाढलेली किंमत मालकाला खर्च करता येत नाही. ती हाती यायची तर मालकी थोडी सोडावी लागते. त्यांनी ती सोडली आणि आलेला पैसा सराव केंद्राकडे वळवला. सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलर खर्चून बांधलेले, ५० हजार चौरस फुटांचे हे केंद्र २०२४ साली सुरू झाले. स्वतःचे कोर्ट नसलेल्या संघाला इतरांच्या वेळापत्रकात मधली फट शोधावी लागते. दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूला रात्री उशिरा एकटीने बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव करावासा वाटला, तर आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारावे लागते. प्रायोजकांना दाखवायच्या तक्त्यात ही अडचण कधीच दिसत नाही, करार करताना खेळाडूंना मात्र ती नेमकी दिसते. त्याच वर्षी सू बर्डही मालकांच्या गटात आली.

सामन्यांचे सभागृह अजूनही त्यांचे नाही. तेथे हिवाळ्यात आइस हॉकीचा संघ खेळतो. लीगचा हंगाम मुळात उन्हाळ्यात ठेवला गेला तो एनबीएचा मोसम आटोपल्यावर सभागृहे रिकामी असतात म्हणून. पण सामने वाढत गेले, २०२५ साली प्रत्येक संघाचे ४४ झाले, अंतिम फेरी सात सामन्यांपर्यंत लांबवण्यात आली आणि ती ऑक्टोबरमध्ये जाऊ लागली, जेव्हा हॉकीचा मोसम सुरू होतो. स्टॉर्म पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, तर त्या तारखांची वाटाघाटी त्याच्या मालकांना इमारत चालवणाऱ्यांशीच करावी लागेल.