पेट्या मांडण्याआधी परागाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव झालं. आता आसपासच्या गावांतून विचारणा होते, आमच्या शिवारात मधमाश्यांच्या किती पेट्या बसतील? उत्तर शोधताना मधाचा अंदाज धरला जातो. धरायला हवा परागाचा.

जांभूळ, हिरडा फुलला की मकरंद सगळ्यांना पुरतो. ओढाताण होते ती फुलोरा सरल्यावर. पेटीत पाळली जाणारी आपली सातेरी माशी किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत जाते, मेलिफेरा ही पाळीव विदेशी माशी त्याहून लांब. मातीत किंवा वाळक्या लाकडात एकटीनं घर करणाऱ्या बारक्या रानमाश्यांचा पल्ला मात्र काहीशे मीटरचा. त्यांच्याकडे साठाही नसतो. प्रत्येक अंड्यासाठी परागाचा गोळा बांधावा लागतो. पराग मिळाला नाही तर पुढची पिढीच घटते. अमेरिकेतल्या केन आणि टेपेडिनो यांनी 2017 मध्ये हिशेब मांडला: मेलिफेराची एक सशक्त वसाहत तीन महिन्यांत जेवढा पराग नेते, त्यात एकांड्या माशीची सुमारे 1 लाख पिल्लं वाढली असती. आपली सातेरीची वसाहत लहान असते, आकडा तसाच लावू नये. पण दिशा तीच.

इथं एक गैरसमज फार नडतो. टंचाईत पेटीत साखरपाक ठेवला की रानावरचा भार उतरला, असं वाटतं. उलट होतं. मकरंदाची सोय घरातच झाल्यानं जास्त माश्या परागाला सुटतात. पाक वसाहत जगवतो, रानमाशीचा वाटा वाचवत नाही.

आणि त्या माशीवाचून आपलंही अडतं. वांग्याच्या फुलात पराग केसराच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर येतो. निळ्या पट्ट्यांची माशी केसरांना मिठी मारून अंग थरथरवते, गुंईऽऽ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि पिवळी भुकटी तिच्या पोटावर सांडते. सुतार भुंगाही हेच करतो. पेटीतल्या माशीला ते जमत नाही.

पेट्या वाढवण्याआधी पिलावा कोठीतली, म्हणजे पेटीत अंडी-अळ्या वाढतात त्या कप्प्यातली, चौकट उचलून बघा. पिलाव्याभोवती परागाचा पट्टा तुटक असेल, तर शिवारावर आधीच ताण आहे. नवी पेटी नको, असलेल्यांतल्याही काही हलवा. खरिपाचा मका तुऱ्यावर असेल तिकडे न्याव्यात, तिथं पराग भरपूर मिळतो. सोयाबीनच्या बांधावर तूर लावा, टाकळा तणनाशकानं जाळू नका, आणि बांधाची एखादी उघडी, उन्हाची कड न नांगरता ठेवा. मातीत बिळं करणाऱ्या माश्यांना तीच जागा लागते.