झुबका पाण्याखाली होता

सप्टेंबर सरत आला होता. आरेतल्या एका तबेल्यामागच्या डबक्यात आमचं वनस्पतींच्या नोंदीचं काम चालू होतं. गुडघाभर पाणी, त्यात गोल हिरव्या काड्यांचे गुच्छ. पान एकही नाही.

लव्हाळ्याची काडी तीनधारी असते, बोटांत फिरवली की कडा लागतात, असं आपण शिकवतो. पण त्या कुळात गोल काडीच्या जातीही बऱ्याच आहेत. मी एक काडी चिमटीत दाबत वर नेली. आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे. एकेक फुटताना बारीक 'टक' व्हायचं. सोबतच्या मुलीला म्हटलं, "एलिओकॅरिस डल्सिस लिही. चायनीजमध्ये वॉटर चेस्टनट घालतात ना, तो ह्याचाच कंद."

"पण ताई, ह्याचं कणीस टोकाला येतं ना? इथे एकाही काडीला नाहीये."

"फुलायचंय अजून," म्हणून मी पुढे निघाले. ते उत्तर मला आजही टोचतं.

तेवढ्यात तबेल्यातली एक म्हैस पाण्यात शिरून ऐसपैस बसली आणि एक गुच्छ मुळासकट उपटून वर आला. मुलीने तो ओढून घेऊन चिखल धुतला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. बुंध्यापासून जेमतेम वीतभर वर, काडीच्या एका अंगाला, फिकट तपकिरी कणसांचा गच्च झुबका! पाणी चढलं होतं, म्हणून तो बुडालेला. त्याच्या वरचा लांब भाग म्हणजे काडी नव्हतीच. ते होतं झुबक्याखालचं सहपत्र, म्हणजे फुलोऱ्याच्या बुडाशी येणारं पान: काडीइतकंच गोल, तसेच पडदे असलेलं, सरळ वर गेलेलं. मघाशी मी त्याचेच पडदे फोडत होते.

भिंगातून पिकलेलं फळ पाहिलं. काळं, तीनधारी, अंगावर आडव्या नागमोडी रेघा. शोएनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला सिरपस आर्टिक्युलाटस म्हटलं होतं. आर्टिक्युलाटस म्हणजे सांधे असलेला. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, जुन्या कागदांवर हेच नाव सापडतं.

मुलीने वहीतलं 'डल्सिस' खोडलं. घरी येऊन मी मागच्या दोन पावसाळ्यांच्या वह्या काढल्या. नुसत्या पडद्यांवरून, कणीस न पाहता लिहिलेल्या डल्सिसच्या तीन नोंदी निघाल्या. डबकी आटायच्या आत तिन्ही ठिकाणी जाऊन बुंध्यापर्यंत हात घालायचा आहे.